ह्यूएन्डन बघायचं तर खालच्या चर्चपासून सुरुवात करा

ह्यूएन्डन मॅनर म्हणजे लंडनजवळच्या हाय वायकोम गावाशेजारचं, बेंजामिन डिझरायलीचं टेकडीवरचं घर. तिथे येणारे बहुतेक जण गाडी थेट वर नेतात, तिकीट दाखवतात, घरात एक चक्कर मारतात, चहा घेतात आणि निघतात. उताराच्या पायथ्याशी, झाडांच्या आडोशाला सेंट मायकेल अँड ऑल एंजल्स नावाचं चर्च आहे, ते राहून जातं. क्रम नेमका उलटा हवा. बेंजामिन डिझरायली दोनदा इंग्लंडचा पंतप्रधान झाला, आधी १८६८ मध्ये काही महिने आणि मग १८७४ ते १८८० अशी सलग सहा वर्षं. त्याच्या या घरात पुढे जे जे दिसतं, त्याची किल्ली चर्चच्या भिंतीवर आहे.

आत गेल्यावर वेदीच्या बाजूला या. तिथे डिझरायलीच्या चेहऱ्याचं एका अंगाने कोरलेलं संगमरवरी स्मारक दिसेल. ते राणी व्हिक्टोरियाने १८८२ मध्ये बसवलं. राज्यावर असलेल्या राणीने आपल्या एका प्रजाजनाचं स्मारक स्वतः उभारायचं, ही फार दुर्मीळ गोष्ट. खालच्या मजकुरात ती स्वतःला त्याची कृतज्ञ राणी आणि मैत्रीण म्हणवते, बायबलमधलं एक वचन देते, की सत्य बोलणारा राजांना प्रिय असतो. (राजकारण्याच्या स्मारकावर हे वचन! इतिहासकारांना गंमत वाटली नसती तरच नवल.) पण तुमची नजर थांबली पाहिजे ती सहीवर. ‘व्हिक्टोरिया’च्या पुढे दोन अक्षरं आहेत: आर आणि आय. ‘आर’ म्हणजे रेजायना, राणी. ‘आय’ म्हणजे इम्पेरेट्रिक्स, सम्राज्ञी. यातलं दुसरं अक्षर तिला डिझरायलीने मिळवून दिलं. १८७६ मध्ये त्याने पार्लमेंटमध्ये रॉयल टायटल्स अ‍ॅक्ट मंजूर करून घेतला, विरोधकांनी बरीच टर उडवली तरी रेटून नेला आणि राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली.

मराठी माणसाला त्या एका अक्षरापुढे जरा जास्त वेळ उभं राहावं लागतं. पदवीची द्वाही फिरवायला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवला. लिटनची नेमणूक डिझरायलीच्याच सरकारची. त्याच हिवाळ्यात पुणे, सोलापूर, नगर, सातारा भागांत दुष्काळाने माणसं आणि गुरं मरत होती आणि पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करत होती. सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्या झगमगाटात हातकताईच्या खादीचा पोशाख करून गेले होते. संगमरवरावरचं ते अक्षर आणि दिल्लीतली ती खादी ही एकाच घटनेची दोन टोकं आहेत. चर्चमध्ये दुसरं टोक सांगणारी पाटी नाही. ते आपणच सोबत घेऊन जायचं.

एकतर्फी होऊ नये म्हणून हेही सांगायला हवं: याच माणसाने २७ जुलै १८५७ ला, उठावाच्या बातम्या लंडनला येत असताना, विरोधी बाकांवरून विचारलं होतं की हे नुसतं शिपायांचं बंड आहे की राष्ट्राचा उठाव. चरबी लावलेल्या काडतुसांनी साम्राज्यं कोसळत नसतात, कारणं खोल असतात, असा त्याचा मुद्दा होता आणि दत्तक नाकारून संस्थानं खालसा करण्याच्या धोरणावर त्याने बोट ठेवलं होतं. सातारा, नागपूर, झाशी ही नावं आपल्याला पाठ आहेत. १८५७ मधला हा माणूस आणि १८७६ मधला हा माणूस एकच, हे लक्षात ठेवून घराकडे निघा.

निघण्याआधी चर्चला बाहेरून वळसा घाला. पूर्वेकडच्या भिंतीलगत कुटुंबाचं दफनघर आहे. १९ एप्रिल १८८१ ला डिझरायली लंडनमध्ये वारला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत सरकारी इतमामाने दफन करायची तयारी होती, पण मृत्युपत्रात त्याने ह्यूएन्डनच मागितलं होतं, बायकोच्या शेजारी. शिष्टाचारानुसार राणी प्रजाजनाच्या अंत्यविधीला जाऊ शकत नसे. तिने प्रिमरोजच्या फुलांचा हार पाठवला आणि चार दिवसांनी स्वतः आली; बंद केलेलं दफनघर तिच्यासाठी पुन्हा उघडावं लागलं. प्रिमरोज म्हणजे वसंतात झाडांखाली उगवणारं फिकट पिवळं रानफूल. एप्रिलच्या मध्यावर या परिसरात ते फुललेलं असतं, म्हणून शक्य असेल तर भेट १९ एप्रिलच्या आसपास ठेवा.

त्याच दफनघरात सेरा ब्रिजेस विल्यम्स नावाच्या बाई आहेत. त्या नातेवाईक नव्हत्या. टॉर्कीला राहणाऱ्या या वृद्ध विधवेने ओळखपाळख नसताना डिझरायलीला पत्र लिहिलं, पुढे वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला आणि १८६३ मध्ये त्या वारल्या तेव्हा ३०,००० पौंडांहून जास्त रक्कम त्याच्यासाठी ठेवून गेल्या. अट एकच, आपल्याला ह्यूएन्डनला पुरावं. दगडावरचं हे नाव वाचल्यावर घराबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आपोआप सुचतो: पैसा कुठून आला?

कर्जातलं घर

डिझरायलीला वाडवडिलांची जमीन नव्हती. ज्यू कुटुंबात १८०४ चा जन्म, बाराव्या वर्षी बाप्तिस्मा, वडील आयझॅक पुस्तकांत रमलेले लेखक. विशीत दक्षिण अमेरिकेतल्या खाणींच्या शेअर्सवर सट्टा खेळून त्याने जे कर्ज करून ठेवलं, ते पुढे कित्येक वर्षं फिटलं नाही. पण ज्या पक्षाचं नेतृत्व त्याला हवं होतं, तो जमीनदारांचा पक्ष. गावात वाडा नाही, कुळं नाहीत, चर्चमध्ये घराण्याचं बाक नाही, असा माणूस त्यांचा पुढारी कसा होणार? म्हणून १८४८ मध्ये साधारण ३५,००० पौंडांना ही जहागीर घेतली गेली. त्यातले २५,००० पौंड त्याचा पक्षातला सहकारी लॉर्ड जॉर्ज बेंटिंक याच्या घराण्याने उभे केले. पुढे हे कर्ज परत मागितलं गेलं, तेव्हा यॉर्कशरचा श्रीमंत जमीनदार अँड्र्यू माँटेग्यू मदतीला आला आणि त्याने सगळी देणी कमी व्याजावर आपल्याकडे घेतली. थोडक्यात, इंग्लंडच्या ग्रामीण परंपरेचं प्रतीक म्हणून जे घर दाखवलं जातं, ते राजकीय गरजेपोटी उसनवारीवर घेतलेलं आहे.

हे मनात ठेवून घराचा दर्शनी भाग बघा. मूळ वास्तू अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. तीन मजली, चौकोनी, चुन्याचा गुळगुळीत पांढरा गिलावा केलेली, त्या काळच्या चवीची साधी इमारत. १८६२ मध्ये एडवर्ड बकटन लॅम्ब या वास्तुरचनाकाराला बोलावलं. त्याने गिलावा खरवडून आतली वीट उघडी केली, छताच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांचा कठडा आणि त्यावर टोकदार सुळके बसवले, खिडक्यांच्या माथ्यांवर विटांची नक्षी चढवली. डिझरायली कौतुकाने लिहीत असे की आपण हे घर सतराव्या शतकातल्या यादवीच्या आधी होतं तसं पुन्हा केलं. तसं ते कधी नव्हतंच. घराला नवं करून जुनं केलं, असंच म्हणावं लागेल. स्थापत्याच्या जाणकारांनी लॅम्बला यासाठी भरपूर झोडपलं आहे. माझ्या मते मात्र ते बेढबपण हाच या घराचा सगळ्यात प्रामाणिक भाग आहे. समोरच्या हिरवळीवर उभं राहून खिडक्यांच्या माथ्यांची तुलना करा: मजल्यागणिक नक्षी बदलते. एका सरळ, शिस्तीच्या घरावर दागिने चढवलेत, हे त्या खिडक्यांच्या समान अंतरावरून लगेच कळतं. सांगाडा अठराव्या शतकाचा आणि पोशाख एकोणिसाव्या.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं

इथे बहुतेकांची तक्रार सुरू होते: फार अंधार आहे. त्याचं कारण समजून घेतलं तर रागही येणार नाही आणि दिसेलही जास्त.

प्रकाशाने होणारं नुकसान साठत जातं आणि परत भरून येत नाही. उडालेला रंग पडदा धुऊन किंवा अंधारात ठेवून परत येत नाही. म्हणून अशा घरांत एखाद्या वस्तूवर वर्षभरात एकूण किती प्रकाश पडू द्यायचा, याचा हिशेब ठेवतात. कापड, जलरंग, रंगीत कागद अशा नाजूक वस्तूंसाठी वर्षाला १,५०,००० लक्स-तास हा नॅशनल ट्रस्टच्या (जुनी घरं जपणारी संस्था, हे घरही आता तिचंच) घरांत वापरला जाणारा ठोकताळा. लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड; त्याला तासांनी गुणायचं. घर रोज पाच तास, वर्षात ३०० दिवस उघडं असेल तर १,५०० तास झाले. म्हणजे सरासरी १०० लक्सच वाट्याला येतात. त्यात सफाईचे, दुरुस्तीचे तास धरले की आणखी कमी. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर दहा हजार लक्सच्या पुढे उजेड असतो. शंभर पट फरक! डोळ्यांना तो पचवायला वेळ लागतो.

म्हणून बागेतून तडक आत येऊन पुढे सरकू नका. प्रवेशाच्या दालनात पाच-सात मिनिटं थांबा, गॉगल असेल तर दाराबाहेरच काढा, मोबाइलचा पडदा बघू नका, नाहीतर जमवलेली नजर पुन्हा शून्यावर येते. तेवढ्या वेळात वर बघा: गॉथिक कमानींची नक्षी दगडाची वाटते, पण ते प्लास्टर आहे. पुन्हा तोच प्रकार, नव्याला जुनं केलेलं.

आणखी एक. ही घरं मुळात तेलाच्या दिव्यांच्या आणि मेणबत्त्यांच्या उजेडासाठी सजवलेली असत. सोनेरी चौकटी, चकचकीत लाकूड, आरसे, गडद भिंती, हे सगळं मंद उजेडात उठून दिसतं. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली तीच खोली जुन्या सामानाच्या दुकानासारखी वाटेल.

या दालनात आणि जिन्याच्या भिंतीवर तसबिरींची रांग लागते. डिझरायली तिला मैत्रीचं दालन म्हणत असे. खानदानी घरांत या जागी पूर्वजांची चित्रं लावतात: पणजोबा, खापरपणजोबा, शिकारी कुत्र्यासकट. त्याच्याकडे तसे पूर्वज नव्हते, म्हणून त्याने मित्र, सहकारी आणि आश्रयदाते टांगले. जिना चढताना प्रत्येक चित्राखालचं नाव वाचायची गरज नाही. यातले किती जण त्याला पैसे किंवा मतं मिळवून देणारे होते, एवढं खोलीतल्या स्वयंसेवकाला विचारा. गप्पा रंगतात.

स्वयंसेवकांना प्रश्न विचारण्याचीही एक पद्धत असते. ‘हे खरं आहे का?’ असं विचारलं की ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: ही वस्तू १८८१ मध्ये याच खोलीत होती का, बाहेर जाऊन परत आली का, की त्या काळातली दुसरीकडून आणून ठेवली आहे? हे विचारण्याला कारण आहे. डिझरायलीला मूल नव्हतं. घर पुतण्या कॉनिंग्जबीकडे गेलं. तो १९३६ मध्ये वारला, १९३७ मध्ये घर विकलं गेलं आणि १९४७ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आलं. मधल्या काळात मालक बदलले, महायुद्ध झालं, सामान हललं. कुठलंही जपलेलं घर म्हणजे एका दिवशी थांबलेलं घड्याळ नसतं. बरंच काही पुन्हा जुळवलेलं असतं आणि चांगले स्वयंसेवक ते मोकळेपणाने सांगतात.

ग्रंथालय, जेवणघर, अभ्यासिका

ग्रंथालयात वडिलांच्या संग्रहातली बरीच पुस्तकं आहेत. डिझरायली गावी आला की पहिला आठवडा झाडं बघत आणि पुस्तकं न्याहाळत काढत असे. नुसती न्याहाळत, हे महत्त्वाचं. दोरीच्या अलीकडूनही बघण्यासारखं पुष्कळ असतं. कातडी बांधणीचे कणे बघा. पूर्वी चामडं कमावण्याच्या पद्धतींमुळे आणि हवेतल्या कोळशाच्या धुरातल्या गंधकामुळे एकोणिसाव्या शतकातलं कातडं भुसभुशीत होतं, बोट लावलं तर तांबूस भुकटी सुटते. म्हणून पुस्तक वरच्या टोकाला बोट अडकवून ओढायचं नसतं. दोन्ही बाजूची पुस्तकं जरा आत ढकलून मधलं पुस्तक कण्याच्या मध्यावर धरून काढतात. घरच्या कपाटातही हे लागू आहे. पुस्तकांच्या मागे आणि भिंतीत थोडी फट ठेवलेली असते, हवा खेळावी म्हणून. बाहेरची भिंत थंड, त्यावर दमट हवा बसली की बुरशी. हवेतली आर्द्रता साधारण ५० ते ६५ टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न असतो. त्यासाठीची युक्ती मजेशीर आहे: इथे हीटर थंडी वाजते म्हणून लावत नाहीत. आर्द्रता वाढली की तापमान थोडं वाढवतात, म्हणजे हवा सापेक्षतेने कोरडी होते. त्यामुळे हिवाळ्यात खोल्या चांगल्याच गार लागतात. आत जातानाही स्वेटर काढू नका.

कोपऱ्यात, फर्निचरखाली चिकट कागदाचे छोटे सापळे दिसतील. त्यात कसर, कपड्यांचे पतंग, गालिचातले भुंगेरे अडकतात. सापळे किडे मारायला नसतात, मोजायला असतात. एका खोलीत आकडा चढला की शोध सुरू होतो: चिमणीत मेलेला पक्षी आहे का, गालिच्याखाली ओल आहे का. कसरीला पुस्तकांतली खळ आवडते, पतंगांच्या अळ्यांना लोकर. या घरांचा खरा शत्रू हाच, पर्यटक दुसऱ्या नंबरला.

पर्यटकांचं नुकसान मुख्यतः पायांतून. ६० किलोच्या माणसाने सपाट बूट घातला तर भार शंभरएक चौरस सेंटीमीटरवर पसरतो. तोच माणूस टाचेच्या एका चौरस सेंटीमीटरवर आला की तेवढ्या जागेवर जवळजवळ सगळे ६० किलो. लाकडी फरशीत खळगा पडतो, गालिच्याचा धागा तुटतो. म्हणून बारीक टाचेचे बूट चालत नाहीत. पाठीवरची सॅक पुढे घ्यायला लावतात, कारण वळताना पाठीला डोळे नसतात. टिपणं काढायची तर पेन्सिल न्या, शाईचं पेन खोलीत नको. फोटो फ्लॅशशिवाय, स्टँडशिवाय.

जेवणघरात एक खुर्ची शोधा. डिसेंबर १८७७ मध्ये राणी इथे जेवायला आली, पंतप्रधानाच्या घरी राणीने येण्याचा हा मोठाच मान. राणी पाच फुटांहूनही बुटकी. तिचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून एका खुर्चीचे पाय कापून आखूड केले, असं सांगतात. खुर्चीचं आसन बाकीच्यांच्या तुलनेत कुठे येतं ते गुडघे वाकवून, त्या पातळीला डोळे नेऊन बघा. उभ्याने फरक जाणवत नाही. आणि हे लक्षात घ्या की हे ज्या गावाशेजारी घडलं ते हाय वायकोम खुर्च्यांचंच गाव. आजूबाजूच्या बीच लाकडाच्या जंगलांवर तिथला धंदा उभा होता. राणीची स्वारी येणार म्हणून गावकऱ्यांनी हमरस्त्यावर खुर्च्या एकमेकींवर रचून कमान केली होती. गावाने खुर्च्यांची कमान उभारली आणि पंतप्रधानाने खुर्चीच्या पायांना करवत लावली. दोन्ही स्वागतंच.

वरच्या मजल्यावरची अभ्यासिका ही घरातली सगळ्यात अस्सल खोली, डिझरायली गेला तेव्हा होती तशी ठेवलेली. खोली लहान आहे. चार माणसं झाली की पाचव्याला काही दिसत नाही. गर्दी असेल तर सरळ पुढे जा, दहा मिनिटांनी परत या. टेबलावर काळ्या किनारीचे कागद बघा. बायको मेरी अ‍ॅन १५ डिसेंबर १८७२ ला वारली, त्यानंतर तो आयुष्यभर दुखवट्याचा काळ्या कडेचाच कागद वापरत राहिला. म्हणजे साम्राज्याचा दिमाखदार कारभार, सम्राज्ञीची पदवी, १८७८ ची बर्लिनची परिषद, राणीशी चाललेला गोडगोड पत्रव्यवहार, ही सगळी वर्षं एका विधुराची आहेत.

मेरी अ‍ॅन त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी, विधवा, पैसेवाली. १८३९ मध्ये लग्न झालं तेव्हा त्याची नजर पैशावर होती, हे दोघांनाही माहीत होतं. डिझीने माझ्याशी पैशासाठी लग्न केलं, पण आता पुन्हा करायचं झालं तर प्रेमाने करील, असं ती म्हणत असे अशी आठवण सांगितली जाते. आपल्या माघारी त्याने एकटं राहू नये, असं लिहिलेलं तिचं पत्र तिच्या मृत्यूनंतर त्याला मिळालं. तिची खोली बघताना घाई करू नका. या जहागिरीचा व्यवहार, माळ्यांची मजुरी, झाडांची लागवड ती बघत होती. घर त्याच्या नावाने ओळखलं जातं, चालवलं तिने.

वरून खाली उतरण्याआधी दक्षिणेकडच्या खिडकीशी जा. खाली गच्चीवजा बाग आहे, भौमितिक आकारांच्या वाफ्यांची. ही तिची रचना, पण आज दिसते ती पुन्हा केलेली. १८८१ मध्ये काढलेल्या छायाचित्रांवरून वाफ्यांचे आकार ठरवले गेले. अशा बागेचा नक्षीपट वरूनच कळतो, जमिनीवरून फक्त रंगांचे पट्टे दिसतात. नक्षी काढणाऱ्याने प्रेक्षक खिडकीत धरलेला असतो. फुलझाडं वर्षातून दोनदा बदलतात, वसंतातली आणि उन्हाळ्यातली. मे अखेरीस मधल्या बदलाच्या वेळी वाफे उघडेबोडके असू शकतात. डिझरायलीच्या वेळी याच गच्चीवर मोर हिंडत.

तळघर

तळघर चुकवू नका, विशेषतः मुलं सोबत असतील तर. दुसऱ्या महायुद्धात हवाई खात्याने हे घर घेतलं, सांकेतिक नाव ‘हिलसाइड’. इथे शंभरेक माणसं बॉम्बफेकीसाठी नकाशे काढत होती. विमानांतून टिपलेली छायाचित्रं यायची, त्यावरून चित्रकार, नकाशाकार, वास्तुरचनाकार अशी मंडळी हाताने नकाशे आखायची. मे १९४३ मध्ये जर्मनीतली धरणं फोडली, त्या मोहिमेचे नकाशेही इथले. बागेतलं बर्फघर, म्हणजे हिवाळ्यातला बर्फ साठवायची अर्धी जमिनीखालची जाड भिंतींची कोठी, छायाचित्रं धुवायची अंधारखोली म्हणून वापरली. बर्फ राखायला जे लागतं, म्हणजे ना ऊन ना उजेड, तेच फिल्मलाही लागतं. काम करणाऱ्यांनी गुप्ततेची शपथ इतकी पाळली की नॅशनल ट्रस्टलाही ही गोष्ट या शतकात, तिथे काम केलेला एक म्हातारा पाहुणा म्हणून आला तेव्हा कळली.

जाण्यायेण्याचं

लंडनच्या मेरिलबोन स्टेशनवरून हाय वायकोमला अर्ध्या ते पाऊण तासात गाडी पोचते. तिथून घर तीनएक किलोमीटर उत्तरेला. बस ए४१२८ रस्त्यावर खाली सोडते आणि वर चढ आहे, दमछाक करणारा. चालत जायचं तर गावातल्या ह्यूएन्डन पार्कमधून ओढ्याकाठची वाट धरा, पाऊण तास लागतो आणि चर्च आपोआप आधी लागतं. ओढा चुनखडीतल्या झऱ्यांवर जगतो. कोरड्या वर्षी तो चक्क नाहीसा होतो, वाट चुकली असं समजू नका. चिल्टर्नच्या डोंगरातली माती म्हणजे चुनखडीवर चिकणमाती आणि गारगोट्या. पावसानंतर ती साबणासारखी घसरते, शिवाय त्याच बुटांनी गालिच्यावर जाता येत नाही. सोबत दुसरे बूट ठेवा.

बाग आणि चहाघर सहसा घराच्या आधी उघडतात, घर उशिरा उघडतं आणि शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या आधी मिळतो. हिवाळ्यात काही खोल्या साफसफाईसाठी बंद असतात. तारीख ठरवण्याआधी नॅशनल ट्रस्टच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ बघा. त्यांच्या सदस्यांना प्रवेश मोफत. चर्च मात्र ट्रस्टचं नाही, ते चालू चर्च आहे; रविवारी सकाळी प्रार्थना असते, लग्न-अंत्यविधी असला तर थांबावं लागतं. चर्चला अर्धा तास, घराला दीड-दोन तास, तळघराला पाऊण तास धरा. पाय शाबूत असतील तर समोरच्या टेकडीवर आयझॅकचं स्मारक आहे, मेरी अ‍ॅनने १८६२ मध्ये नवऱ्याच्या नकळत सासऱ्यासाठी उभारून घेतलेलं. जाऊन यायला तासभर. तिथून दरी आणि घर एका नजरेत येतात आणि डोक्यावर दुभंगलेल्या शेपटीच्या लाल घारी घिरट्या घालत असतात. इंग्लंडमधून त्या नामशेष झाल्या होत्या. १९८९ ते १९९४ या काळात याच डोंगरांत पिल्लं आणून सोडली, आता मोजता येणार नाहीत इतक्या झाल्यात.

परतीच्या गाडीला वेळ असेल तर हाय वायकोमच्या हाय स्ट्रीटवर एका जुन्या खानावळीच्या सज्ज्यावरचा लाल सिंह बघून घ्या. १८३२ मध्ये तरुण डिझरायलीने त्याच सज्ज्यावरून, त्या सिंहाशेजारी उभं राहून निवडणुकीचं भाषण केलं. तो हरला. त्याच वर्षी पुन्हा हरला, १८३५ मध्ये तिसऱ्यांदाही. वायकोमने त्याला कधीच निवडून दिलं नाही.